खैरटोलीच्या विहिरीतले सोने

सोने माणसाची झोप उडवते, हे वचन आपल्याकडे इतक्या थोर लोकांनी सांगून ठेवले आहे की त्यावर शंका घेणे उद्धटपणाचे ठरेल. उमरेडच्या पलीकडे खैरटोली नावाच्या गावी सरकारी मोहोर लावलेल्या सोन्यावर पहाऱ्याला बसवलेला कोतवाल मी प्रत्यक्ष पाहिला. भर दुपारी, कडुनिंबाखाली, बाजेवर पालथा पडून तो घोरत होता. त्याचा सरकारी पट्टा बाजेच्या खुराला अडकवलेला होता.

मला सोन्यात रस नाही. पगारातून ते घेता येत नाही, त्यामुळे हे वैराग्य मला फारसे कष्ट न करता लाभले. मी गेलो तो माझे मित्र भोयर यांच्यामुळे. भोयर नागपुरात सक्करदऱ्याला आमच्याच गल्लीत राहतात आणि कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतात. त्यांच्या विभागात काचेचे एक कपाट आहे. त्यात मनसरचे मँगनीज आहे, उमरेडचा कोळसा आहे, आणि तेव्हा एका खणात पांढऱ्या भुकटीची बशी होती. बशीपुढच्या चिठ्ठीवर ‘पायराइट’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले होते. ही भुकटी म्हणजे पूर्वी बाहेरगावाहून मागवलेला एक सुंदर पिवळा दगड होता. दोन पावसाळ्यांची दमट हवा खाऊन तो विरघळल्यासारखा झाला. चिठ्ठी शाबूत राहिली. सरकारी कामात असे पुष्कळदा होते.

पायराइट म्हणजे लोखंड आणि गंधक यांचा संसार. दिसायला थेट सोने. निसर्ग त्याचे चौकोनी ठोकळे पाडतो, इतके रेखीव की सुताराने लाजावे. इंग्रजांनी त्याला मूर्खांचे सोने असे नाव ठेवले आहे. सोन्यासाठी सात समुद्र ओलांडून गेलेल्या लोकांना ते नाव ठेवण्याचा अधिकार होताच.

तर बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात, भोयरांच्या प्रयोगशाळेतले परिचर वामनराव होळीची सुट्टी संपवून गावाहून आले आणि त्यांनी काडेपेटीतून एक कपची काढून टेबलावर ठेवली. एका अंगाला घनाचा कोपरा, आरशासारखा. त्यांच्या बहिणीच्या, शेवंताबाईंच्या परसात मोहल्ल्याने विहीर खणायला घेतली होती. काळा पाषाण लागला आणि त्यात हे चमकू लागले. पोलीस पाटलाने वर्दी दिली, महसूल खात्याने विहिरीला मोहोर लावली आणि काम थांबले. वामनराव एवढेच म्हणाले, “सर, हे काय हाय थे सांगा. पन गावात येऊन सांगा.”

गावात येऊनच का, हे आम्ही विचारले नाही. आम्हाला वाटले, आम्हाला समजले.

इतवारीहून छोट्या गाडीने

वामनरावांना रजा मिळाली नाही, म्हणून आम्ही दोघेच निघालो. खिशात ऊन लागू नये म्हणून कांदा, डोक्याला दुपट्टा आणि भोयरांच्या पिशवीत हातोडी, भिंग आणि कापसाचा मोठा गठ्ठा. कापूस कशाला, असे विचारल्यावर ते लाजले. चांगला घन मिळाला तर त्याचे कोपरे जपायला.

नागभीडकडे जाणारी ही छोटी गाडी प्रवाशांना घाई करायला शिकवत नाही. कुहीच्या पुढे एका गृहस्थांची टोपी उडाली. ते उतरले, टोपी घेऊन आले आणि आपल्याच डब्यात बसले. कोणी मान वळवूनही पाहिले नाही.

वाटेत भोयर काळजीत होते. गावाला सोन्याची आशा लागली आहे, आपण जाऊन ती मोडणार. हे कसे सांगावे? माझे मत असे पडले की आधी पिकापाण्याची चौकशी करावी, मग म्हाताऱ्याकोताऱ्यांची, आणि मग हलकेच विषयाला हात घालावा. मयताची बातमी अशीच सांगतात. भोयरांनी ते मनावर घेतले आणि उमरेड येईपर्यंत ओठांतल्या ओठांत सराव केला.

उमरेडहून पुढे बैलांची दमणी. दोन्ही बाजूंना धानाची रिकामी बांधी, भेगाळलेली, आणि मधूनमधून मोहाची झाडे. मोहफुलांचा वास उन्हात इतका दाट होता की बैलसुद्धा जरा रमतगमत चालले.

खैरटोली

गावाच्या दोन बाजू आहेत. देवळाकडे मोठे गाव आणि नाल्याकडे शेवंताबाईंचा मोहल्ला. छप्पन साली या मोहल्ल्यातली जाणती माणसे नागपूरला गेली आणि दीक्षा घेऊन आली. परतल्यावर त्यांनी ठरवले की आता देवळाजवळच्या विहिरीपाशी कोणी वरून पाणी घालील म्हणून ताटकळत उभे राहायचे नाही. तेव्हापासून बाया नाल्याच्या वाळूत झिरा खणून वाटीवाटीने पाणी भरत. दुष्काळात झिराही खोल गेला, तेव्हा शेवंताबाईंनी आपले परस दिले आणि मोहल्ल्याने स्वतःच्या हातांनी खणायला सुरुवात केली.

हे सगळे मला नंतर कळले. आधी कळले असते तर आल्याआल्या जे केले ते केले नसते. शेवंताबाईंच्या दारात त्यांचे यजमान सुखदेव यांनी पाण्याने भरलेला तांब्या पुढे केला. आमच्याकडे असा तांब्या पायांसाठी असतो. मी धुळीने माखलेले दोन्ही पाय सावकाश, नीट चोळून धुतले. सुखदेव ओल्या मातीकडे पाहत राहिले. शेवंताबाई आत गेल्या आणि दुसरा तांब्या घेऊन आल्या. या वेळी तो अर्धा होता. तो मी प्यायलो. माझे पाय त्या मुक्कामात त्यानंतर इतके स्वच्छ कधीच झाले नाहीत.

विहीर परसाच्या कडेला होती. दोन पुरुष खोल गेलेला खड्डा, तोंडावर आडव्या बल्ल्या, बल्ल्यांवर लाखेची मोहोर लावलेली दोरी, आणि शेजारी तो कोतवाल. त्याला प्यायला पाणी याच बाया नाल्यावरून आणत होत्या.

दिवस उतरल्यावर अंगणात माणसे जमली. मोहल्ल्यातली होतीच, कुंपणाला टेकून देवळाकडचेही बरेच होते. सोने निघाल्यापासून ते रोज येत, असे सुखदेव म्हणाले. “सतरा वर्सांत आमच्याकडं चाय प्याले कोनी आलं नाई. आता बसाले जागा पुरून नाई रायली.”

भोयर उभे राहिले. त्यांनी पिकापाण्याची चौकशी केली. म्हाताऱ्याकोताऱ्यांची केली. मग चष्मा पुसला, घसा साफ केला आणि म्हणाले की मन घट्ट करा, हे सोने नाही. हा लोखंडाचा आणि गंधकाचा दगड आहे. याला बाजारात काही मोल नाही.

कुंपणाजवळ कुजबुज झाली. अंगणात मात्र सगळे भोयरांकडे पाहत राहिले. मला ती शांतता दुःखाची वाटली. मी सांत्वनाचे एक वाक्य तयार ठेवले होते, ते काढणार इतक्यात शेवंताबाई पदर खोचून पुढे आल्या. मध्यम वयाच्या, उंच, कपाळाला आठी.

“नक्की नाई न जी?”

“नक्की नाही.”

“मंग थे लिहून द्या न बापा.”

सोने नाही म्हणून त्यांना वाईट वाटत नाही का, असे भोयरांनी चाचरत विचारले.

“काहून वाटंल? सोनं निघालं तं आमाले काय भेटलं? कोतवाल भेटला. पानी निघालं असतं तं पानी भेटलं असतं.” त्यांनी विहिरीकडे हात केला. “मिरगाच्या आत इहीर बांधून नाई झाली तं पयल्या पान्यात दरड बसते. सारी मेहनत मातीत. मंग कोन खनते पुन्ना?”

वामनराव ‘गावात येऊन सांगा’ का म्हणाले होते, ते आम्हाला तेव्हा उमगले. छोट्या गाडीत केलेला सगळा सराव फुकट गेला.

आता मोहल्ल्याला खात्री करून घ्यायची होती. भोयरांनी आजूबाजूला पाहिले आणि माझ्या हातातला कप मागितला. घरात कानाचा कप एकच होता आणि पाहुणा म्हणून तो माझ्याकडे आला होता. चहा मी घाईने संपवला, जीभ भाजली. भोयरांनी कप पालथा केला. बुडाशी जी खरबरीत, बिनचकाकीची कड असते तिच्यावर त्यांनी काडेपेटीतली कपची घासली. काळी रेघ उठली. मग खरे सोने कोणाकडे आहे, असे विचारले. शेवंताबाईंनी गळ्यातले डोरले पुढे केले, गुंजभर असेल. त्याची रेघ पिवळी उठली. दोन रेघा शेजारी शेजारी. कप हातोहात सगळ्या अंगणात फिरला. एका म्हातारीने तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाली, “शेवंते, तुयं डोरलं खरं हाय वं. आमी समजत होतो पितळाचं.”

मग जेवण. तांदळाची भाकर, पातळ वरण आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा. नागपुरात आम्ही तिखटाचा फार अभिमान बाळगतो. तो अभिमान मी तिथे दुसऱ्या घासाला सोडला आणि डोळे पुसत राहिलो. ठेच्यावर पाणी मागायची मात्र माझी छाती झाली नाही.

दुसरा दिवस

सकाळी सरपंचांनी आम्हाला देवळाकडे बोलावून घेतले. रात्री जेवण कुठे केले, असे त्यांनी सहज विचारले. सांगितल्यावर त्यांनी ‘असं’ म्हटले आणि पुन्हा थोड्या वेळाने ‘असं’ म्हटले. त्यांच्याकडे पोह्यांची तयारी होती. ते आम्ही खाल्ले. चांगले होते.

महसूल खात्याचे मंडळ निरीक्षक येणार होते. गाव त्यांना नुसते साहेब म्हणे. शेवंताबाईंच्या अंगणात देवळाकडून खुर्च्या आल्या, टेबल आले, झेंडूचे दोन हार आले. एक साहेबांना, आणि दुसरा, सरपंचांनी मला हळूच सांगितले, खाण जाहीर झाली तर असावा म्हणून. साहेब सायकलवरून आले. घामाने थबथबलेले, सज्जन चेहऱ्याचे. सरपंचांनी भाषण केले. खैरटोलीचे नाव उद्या कोलारच्या जोडीने घेतले जाईल, असे ते म्हणाले. साहेब खाली मान घालून पायजम्याची सायकलपट्टी सोडत होते.

ते वाईट गृहस्थ नव्हते. भ्यालेले होते. मोहोर त्यांनीच लावली होती. एक नमुना नागपूरला पाठवला होता, त्याचे उत्तर येत नव्हते. आपण मोहोर काढली आणि उद्या कोणी म्हणाले की सोने होते, तर? भोयरांनी दाखला लिहून द्यायची तयारी दाखवली. साहेब म्हणाले की दाखला हवाच, पण पंचांच्या डोळ्यांना दिसेल असे काहीतरी पाहिजे. भोयरांनी कप दाखवला. साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि कप चांगला आहे, असे मत दिले.

मग भोयरांनी सोपी परीक्षा सांगितली. सोने ठोकले की पसरते, हा दगड ठोकला की फुटतो. काडेपेटीतली कपची ऐरणीवर ठेवून एक घाव घातला की झाले.

“ती तुम्ही आणलेली,” साहेब म्हणाले. “पंचनाम्यात आहे तो दगड वेगळा. जे करायचं ते त्याच्यावर.”

त्यांनी सायकलला बांधून आणलेल्या पेटीतून कापडी गाठोडे काढले, मोहोर तोडली आणि गाठ सोडली.

मी दगडांतला जाणकार नाही, तरी माझ्या तोंडून आवाज निघाला. मुठीएवढ्या काळ्या पाषाणातून तीन घन वर आले होते, एकमेकांत घुसलेले, तरी प्रत्येकाची धार अभंग. पृष्ठांवर केसासारख्या बारीक समांतर रेघा. अंगणातल्या मांडवाच्या फटीतून ऊन पडले आणि समोरच्या मातीच्या भिंतीवर तीन चौकोन हलू लागले. भोयरांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. त्यांची पिशवी माझ्याकडे होती. आतला कापूस मला हाताला लागत होता.

त्यांनी प्रयत्न केला, हे सांगितले पाहिजे. नुसता एक कोपरा तोडला तर? साहेबांच्या आधी कुंपणावरूनच उत्तर आले. वरून दगड असतो, सोने पोटात असते, असे कोणीतरी म्हणाले, आणि बऱ्याच माना हलल्या. साहेबांनाही ते पटल्यासारखे दिसले. नागपूरच्या उत्तराची वाट पाहू या का, असे भोयरांनी विचारले. म्हणजे अर्धे विचारले. वाक्य पुरे व्हायच्या आत त्यांची नजर शेवंताबाईंकडे गेली. त्या नाल्यावरून नुकत्याच आल्या होत्या. डोक्यावरचा पाण्याचा गुंड तसाच होता. भोयरांनी वाक्य तिथेच सोडले.

गावचा लोहार ऐरण घेऊन आला, पण सरकारी मालावर घण घालायला तयार होईना. साहेब नियमाप्रमाणे घणाला हात लावू शकत नव्हते. भोयरांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, दगड ऐरणीवर ठेवला, थोडा फिरवून नीट बसवला, जणू कपाटात मांडत होते, आणि घण उचलला.

पहिल्या घावाला ठिणग्या उडाल्या. काडी ओढल्यावर येतो तसा गंधकाचा वास आला. दुसऱ्या घावाला तिन्ही घन फुटले. भोयर थांबले नाहीत. सगळे तुकडे बोटाच्या पेराएवढे होईपर्यंत ते ठोकत राहिले, कारण पोटात काय आहे असे पुन्हा कोणी म्हणायला नको होते. साहेब उकिडवे बसले. प्रत्येक तुकडा त्यांनी नखाने उलटा करून पाहिला. आत तेच होते जे बाहेर होते.

“फुटलं,” साहेब म्हणाले. आवाजात अशी सुटका होती की त्यांचीच विहीर अडली होती असे वाटावे.

कुंपणाजवळची माणसे एकेक करून गेली. खुर्च्या नेताना सरपंच म्हणाले की त्यांना पहिल्यापासूनच शंका होती. दुसरा हार टेबलावरच राहिला. बल्ल्या निघाल्या, सुखदेव दोराने खाली उतरले आणि थोड्याच वेळात पहारीचा आवाज वर येऊ लागला. कोतवाल जागा झाला. आता कुठे बसायचे, हे त्याला कळेना. शेवंताबाईंनी त्याला माती ओढायला घमेले दिले.

भोयर ऐरणीपाशी बसून रुमालात तुकडे वेचत होते. शेवंताबाई त्यांच्याजवळ आल्या.

“चांगला होता न जी थो?”

“हो.”

“तुमाले पायजे होता.”

भोयरांनी रुमालाला गाठ मारली. मग ते शिक्षकासारखे बोलू लागले, जे त्यांना सोपे जाते. काळ्या पाषाणाचा पट्टा लागला आहे तेवढा भाग विटांनी पक्का बांधून घ्या, नाहीतर हाच दगड पाण्यात विरून पाणी तुरट करील. पहिले पाणी उपसून टाका. त्या मान हलवत होत्या. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी सुखदेवांना वरूनच हाक मारून सांगितले, “आयकता का? सर सांगून रायले, ईट लागंल.” खालून उत्तर आले की आधी पाणी तर लागू दे.

परत

उमरेडपर्यंत भोयर रुमालाची गाठ चाचपत होते. स्टेशनवर आम्ही अंबाडीचे सरबत घेतले, तेव्हा ते एकदम म्हणाले, “तीन होते. एकात एक.” पेला ठेवून म्हणाले, “त्या बाईचं डोरलं मात्र फार शुद्ध आहे.” मग गाडी आली. कापूस त्यांनी डब्यातल्या एका लेकुरवाळ्या बाईला देऊन टाकला. तिच्या मुलाचा कान दुखत होता.

कपाटातल्या त्या खणात आता भुकटीच्या बशीऐवजी तुकड्यांची बशी आहे. चिठ्ठीवर ‘पायराइट, खैरटोली’ एवढेच आहे. कॉलेज तपासायला आलेल्या एका मोठ्या पाहुण्यांनी विचारले की चांगला अखंड नमुना का ठेवला नाही. भोयर म्हणाले, अखंड असताना त्याचा उपयोग नव्हता. पाहुण्यांनी ते कुठेतरी लिहून घेतले. त्यांना त्यात तत्त्वज्ञान दिसले असावे.

मृगाच्या आत विहीर बांधून झाली. काळ्या पट्ट्याच्या थोडे खाली पाणी लागले, भरपूर. यंदाच्या वैशाखात देवळाजवळची विहीर आटली, आणि एका सकाळी देवळाकडच्या बाया आपापले दोर-बादल्या घेऊन शेवंताबाईंच्या परसात आल्या. वामनराव त्या वेळी गावीच होते. शेवंताबाई काठावर उभ्या होत्या, असे ते सांगत होते. कोणालाही वरून पाणी घालायला त्यांनी नकार दिला. ज्याने त्याने आपले आपण ओढावे, म्हणाल्या, आणि बाजूला सरकून जागा दिली.

भोयरांसाठी त्यांनी वामनरावांबरोबर सुक्या मिरच्यांची पुरचुंडी पाठवली आणि एक निरोप. पाणी गोड आहे, पण त्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, त्याला काय करावे? भोयर म्हणाले, चिमूटभर सोडा घाला. वामनरावांनी मान हलवली आणि सांगितले की तक्रार आता गावाच्या दोन्ही बाजूंनी आहे.